मागच्या भिंतीतली वीट

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे, आणि तीही वाकडी. सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको.

भट्टीत माझ्या बहिणी कडेला होत्या आणि मी ऐन जाळापाशी. त्या गुलाबी झाल्या, मी काळपट झाले आणि एका अंगाने मुरडले. माती एकाच खड्ड्यातली, पण ट्रकमधून उतरल्यावर पुढच्या भिंतीत कोण जाणार आणि मागच्या भिंतीत कोण, हे चेहरा बघून ठरते. तुमच्यातही असेच असते, असे ऐकून आहे.

आमचे मालक वीस वर्षे पत्र्याच्या खोलीत राहिले होते. त्या गल्लीत पत्र्याखालचा माणूस नुसता राहत असे. विटांच्या घरातला माणूस मात्र स्थायिक झालेला असे. लग्नाची बोलणी, उसनी साखर, नमस्कार किती वाकून करायचा, सगळे यावर ठरे. त्यामुळे मालकांना घर जितके हवे होते, तितक्याच त्याच्या विटाही. इस्त्रीचा शर्ट घालून त्यांनी पुढच्या भिंतीसाठी एकेक गुलाबी वीट स्वतः निवडली. मग त्या सगळ्यांवर जाड गिलावा करून घेतला. रंग बघून निवडलेल्या विटा पुन्हा कुणालाही दिसल्या नाहीत.

त्या विटा कच्च्या होत्या. पक्क्या विटा एकमेकींवर आपटल्या की खणकन वाजतात. या थप्प म्हणत. भिंत बांधणाऱ्या मिस्त्रींना ते कळले होते. पण मालकाला शहाणे करणे आपल्या कामात धरलेले नाही, असे त्यांचे मत होते.

उरलो आम्ही, वाकड्या. आम्हाला डोक्यावरून वाहून आणणारी बाई बारा वर्षे घमेली उचलत होती, म्हणून तिचे नावच घमेलेवाली पडले होते. बाईने विटा वाहायच्या, रचायच्या नाहीत, असा तिथला नियम. पण तिला गवंडी व्हायचे होते.

“मामा, मागची भिंत मी बांधू?” तिने मिस्त्रींना विचारले.

“बाईच्या हातची भिंत उभी राहत नाही.”

“भिंतीला कसं कळणार, हात कुणाचा ते?”

मिस्त्रींनी विचार केला. जेवायची वेळ झाली होती आणि मागे कोण बघायला येते?

“बांध. पण सरळ झाली तर मी बांधली. वाकडी झाली तर तू.”

“आणि पडली तर?”

“तर तू इथं कामालाच नव्हतीस.”

तिने मला उचलून शेजारणीवर आपटले. मी खणकन वाजले. “अगं बाई, ही तर बोलते की,” ती म्हणाली. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. मग तिने मला चारही बाजूंनी फिरवून माझी सरळ कड शोधली. मला सरळ कड आहे, हे मलाच तेव्हा कळले.

भिंत पुरी झाल्यावर ती सरळ आहे का बघायला मिस्त्रींनी दोरीचा ओळंबा लावला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावून म्हणाले, “माझ्या हाताला तोड नाही.” घमेलेवालीने रिकामे घमेले उचलले आणि ती दुसऱ्या कामावर गेली.

पुढच्या भिंतीला दर दोन वर्षांनी रंग मिळाला, तिच्यासमोर पाहुण्यांचे फोटो निघाले. आम्हाला गिलावा ‘नंतर’ करायचा होता. निम्म्या गावाची मागची बाजू याच शब्दावर उभी आहे. आमच्या वाट्याला कपड्यांची दोरी आली आणि एक मोडकी सायकल.

मग एका वर्षी नाला फुटला आणि गल्लीत चार दिवस पाणी साचून राहिले. पुढच्या भिंतीचा गिलावा पोपडा धरून पडला आणि आतल्या गुलाबी बहिणी चहातल्या बिस्किटासारख्या विरघळल्या. मला आनंद झाला नाही. फारसा.

घर पाडायचे की राखायचे, हे ठरवायला नगरपालिकेच्या इंजिनीअर बाई आल्या. मालक बिनइस्त्रीच्या शर्टात उभे होते. बाईंनी पुढे बघून मान हलवली, मागे येऊन माझ्यावर हातोडीने टकटक केले, ओळंबा सोडला आणि विचारले, “छताचा सगळा भार हिनं धरलाय. कुणी बांधली?”

मालकांनी मिस्त्रींना बोलावून आणले. ते आता काठी टेकत चालत. भिंत सरळ होती, म्हणजे ठरल्याप्रमाणे ती त्यांचीच. त्यांनी काठीचे टोक माझ्यावर टेकवले.

“पुढची मी बांधली,” ते म्हणाले. “मागची घमेलेवालीनं. मी नुसता ओळंबा लावला. तीनदा.”

घर राखायचे ठरले आणि दुसऱ्या दिवशी निरोप मिळून घमेलेवाली आली. डोक्यावर घमेले नव्हते. मिस्त्रींनी खिशातून आपला ओळंबा काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “घ्या, मिस्त्रीबाई.” बिगाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि वाळू चाळायला घेतली.

तिने पुढची भिंत नव्याने उभी केली. प्रत्येक वीट वाजवून घेतली, रंगाची चौकशी केली नाही. काम संपल्यावर मालकांनी हळूच विचारले, “बाई, गिलावा कधी?”

“नंतर,” ती म्हणाली. “आधी थोडे दिवस दिसू दे.”

मित्रांनो, विटांची निगा राखा, ओल धरू देऊ नका, हे तर सांगतेच. पण एखादी भिंत आवडली, तर ती कुणी बांधली हेही विचारा, आणि उत्तर पहिल्याच माणसाने दिले तर दुसऱ्यालाही विचारा. आता लोक मुद्दाम मागे येऊन आम्हाला बघतात. कपड्यांची दोरी हलवली आहे. मी अजून वाकडीच आहे. भिंतीला मात्र केव्हाही ओळंबा लावून बघा.