यांची होडी

सोनूबाईनं नवऱ्याच्या कानशिलात पहिली लगावली तेव्हाच मी म्हटलं, "अहो, चला घरी." पण हे हलले नाहीत. समोर होडी होती ना.

हे म्हणजे श्यामकांत, माझे यजमान. अंधेरीच्या एका कारखान्यात नकाशे काढतात. लग्न झाल्यापासून एकच वेड: स्वतःच्या शिडाच्या होडीतून, मला घेऊन, किनाऱ्याकिनाऱ्यानं मालवणपर्यंत जायचं. मला पोहता येतं का, हे अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही. नवी होडी परवडणं शक्य नव्हतं, म्हणून रविवार आला की खिशात चाकू घालून जुन्या होड्या बघत हिंडायचे. मानखुर्दच्या खाडीत एक पाहिली. फळीला चाकू टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. मुलुंडच्या बाजूला एक झकास होती, पण किंमत ऐकून आम्ही तिथला चहासुद्धा घेतला नाही. वेसाव्याची ही तिसरी. सागाची, चोवीस फुटी; टोचून टोचून यांचा हात दुखला तरी लाकूड दाद देईना. हरेश्वर कोळ्यानं आठशे सांगितले. यांनी तिथल्या तिथे एक्कावन्न रुपये बयाना त्याच्या हातावर ठेवला आणि घरी येऊन मला मिठी मारली.

आज उरलेले पैसे माझ्या पिशवीत होते. आणि होडीभोवती मढचा धाकू नि त्याची पाच माणसं उभी होती, तिला पाण्यात न्यायला.

"बयाना कोनाच्या हातान दिलास?" हरेश्वरच्या बायकोनं, सोनूबाईनं, यांना विचारलं.

"यांच्या," हे हरेश्वरकडे बोट दाखवून म्हणाले.

"शिकलेला हायस ना? आमच्यान बाजार बाईचा नि पैसा बी बाईचा. मरदाच्या हातान दिलास, तो हातभट्टीवर गेला." तिनं स्वतः चार दिवसांपूर्वीच धाकूचा बयाना घेतला होता. यांच्या पैशांचं तिला काही ठाऊकच नव्हतं. यांना तरी कसं सुचावं? आमच्याकडे भाजी सोडली तर सगळा व्यवहार पुरुषाशी.

सोनूबाईनं हरेश्वरला केसांना धरून वाळूत पाडलं आणि लाथा घातल्या. तो कसाबसा उठला. बायकोवर हात टाकायची हिंमत नव्हती, म्हणून होडीखालच्या पाचरी काढायला आणलेली कुऱ्हाड उचलून तो धाकूवर धावला. "माजी होरी नेतंस काय रे!" धाकूनं वल्हं फिरवलं. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मला दहा हातांवर ऐकू आला. हरेश्वर गुडघ्यांवर बसून ओकला. कुऱ्हाड वाळूत पडली.

मला वाटलं, आता तरी हे भानावर येतील. हे कोट काढून माझ्या हातात देत होते.

"अहो, मारतील तुम्हाला!"

"आपला बयाना आहे, नीला."

घरात झुरळ न मारणारा माणूस जाऊन धाकूच्या छातीला भिडला. धाकूनं डोक्यानंच यांचं नाक फोडलं. चष्मा गेला. दुसऱ्यानं पोटात गुद्दा घातला. मी एकाच्या दंडाला चावले. त्यानं मला झटकून फेकलं आणि तोंडात वाळू नि रक्त एकदमच आलं. खरं सांगते, भीती नाही वाटली. राग आला, आणि तो धाकूचा नव्हता, यांचा होता.

"लावा रे जोर!" धाकू ओरडला. होडी ओंडक्यांवरून घसरू लागली. तेवढ्यात हे रांगत गेले आणि तिच्यापुढे आडवे झाले. बेचाळीस साली हे असेच पोलिसांच्या ट्रकपुढे झोपले होते. तो थांबला होता. उतारावर सुटलेली होडी थांबत नाही.

"उठ, मरशील!" धाकूची माणसं तिला मागं ओढू लागली, पण उशीर झाला. तळाचा कणा यांच्या डाव्या पायावरून गेला, गुडघ्याखाली. वाळू मऊ होती म्हणून पाय तुटून वेगळा झाला नाही, एवढंच. हाड बाहेर आलं होतं. हे ओरडले नाहीत. ओठ घट्ट मिटून होडीकडे बघत राहिले.

मी पदर फाडून पाय आवळला. कण्यावरून रक्त ओघळत होतं, आणि ते बघून धाकूची माणसं मागं सरली.

"पान्यात जायच्या आधीच मानूस खाल्लान हिनं," धाकू म्हणाला. "मना नको ही."

सोनूबाईनं कमरेची पिशवी सोडून त्याचा बयाना तिथंच परत केला आणि माझ्यासमोर येऊन बसली. ती रडत होती. "बाय, ही होरी आता वेसाव्यान कोन घेनार नाय. चारशेला ने. उरलेल्यान नवऱ्याचा पाय बरा कर."

हे ऐकून यांचा चेहरा उजळला. पाय असा लोंबत असताना, बाई, चेहरा उजळला! "चारशे!" माझा हात दाबत म्हणाले. "दे, नीला. दे ना गं. आपली झाली."

अकरा वर्षं मी हे वेड कौतुकानं सांभाळलं होतं. त्या क्षणी मला यांची किळस आली. हा पाय गेला तर दुसरा देतील, तोही गेला तर मला देतील, असं वाटलं. मी पिशवी उघडली नाही. वाळूतली कुऱ्हाड उचलली आणि होडीच्या पोटावर, पाण्याला टेकते त्या फळीवर, दोन्ही हातांनी घातली. साग कडक होता, तरी फळी फुटली.

पाय मोडला तेव्हा न ओरडलेला माणूस आता ओरडला, गळा फाटेपर्यंत. सोनूबाई मला धरायला धावली. मी तिला कोपरानं ढकललं आणि दुसरा घाव घातला.