न बुडलेल्या गोळ्या

सृष्टीच्या आरंभी अंधार होता. निबिड, निःशब्द, निराकार अंधार. त्या अंधाराला पहिली चीर गेली ती हास्याची. त्या चिरेतून सूर्य जन्मला, जल जन्मले, जीव जन्मला. म्हणून हे मानवा, हस. कारण हास्यासारखे औषध या त्रिभुवनात दुसरे नाही.

हा मजकूर तळ्याच्या पाळीवर, पत्र्याच्या एका फलकावर होता. निळ्यावर पिवळी अक्षरे. खाली, ‘प्रभात हास्यमंडळ, अध्यक्ष मोरेश्वर लांजेवार’. मजकूर अध्यक्षांचा होता. अक्षरे निवृत्त चित्रकला शिक्षक यादोराव कापगते यांची होती. आणि ज्याने ही अक्षरे रेखली, तो वर्षभरात एकदाही हसला नव्हता.

मार्गशीर्षातली पहाट होती. भंडाऱ्याकडची ती थंडी, धान कापून नेलेल्या रित्या बांध्यांवरून अनवाणी चालत येणारी. तळ्यावर धुके, पाळीवर धुके, पाळीवरच्या चिंचेच्या शेंड्यात अडकलेले धुके. पूर्वेला आधी राखाडी, मग जांभूळ, मग कोवळे केशर. जणू कोणी संकोची चितारी एकेक रंग लावून पाहत होता आणि दर रंगानंतर थांबून विचारत होता, हा चालेल का?

तळ्याच्या अर्ध्या अंगावर शिंगाड्याचे वेल पसरले होते. पानाला पान खेटून, तांबूस-हिरवी, तैलकांत पाने; पाण्याने स्वतःसाठीच शिवलेली गोधडी. आणि त्या गोधडीवर, किनाऱ्यापासून दहा-बारा हातांवर, बोटभर लांबीचे काहीतरी चांदीसारखे चमकत होते.

सहा वाजता अठरा निवृत्त देह पाळीवर गोल उभे राहिले आणि हसले. आधी सिंहासारखे, मग लहान मुलासारखे, मग ताकाचा पेला हाती असल्यासारखे. पाणकोंबड्या उडून गेल्या. त्यांना मंडळाचे उद्दिष्ट माहीत नव्हते.

मोरेश्वर सर्वांत मोठ्याने हसला. पोट हसले, खांदे हसले, मफलर हसला. डोळे तेवढे हसले नाहीत. डोळे वेलावरच्या त्या चमकेवर होते.

ती गोळ्यांची पट्टी होती. यादोची. दीड महिना झाला, ती बुडत नव्हती.

यादोला, म्हणजे मोरेश्वराच्या पहिलीपासूनच्या मित्राला, काय झाले होते हे कोणालाच नीट सांगता येत नसे. कोणी गेले नव्हते, काही हरवले नव्हते. रंग तेवढे गेले होते. पस्तीस वर्षे ज्याने पोरांना शिकवले की पिवळा कधी एक नसतो, हळदीचा पिवळा निराळा, झेंडूचा निराळा, उन्हात विसरलेल्या वर्तमानपत्राचा तर त्याहून निराळा, तो यादो एक दिवस म्हणाला, “सारं सारखंच दिसते बे.” आणि ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसला. मग रोज बसला. आषाढ आला, तो बसला होता. श्रावण सरला, तो बसला होता.

नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. यादोने त्या आणल्या, उशाशी ठेवल्या आणि आठ दिवस त्यांच्याकडे पाहिले, जसे दारात आलेल्या अनोळखी पाहुण्याकडे पाहावे. गोळी घेऊन मी हसलो, तर हसणारा कोण? मी का गोळी? आणि हा हात? ब्रश धरणारा हा हात उद्या कोणाचं ऐकणार? भीती वेडगळ नव्हती. ती एका कलावंताची भीती होती; ताठ, एकाकी, आणि स्वतःच्या जागी खरी.

म्हणून कोजागिरीनंतरच्या एका सकाळी तो पट्टी मुठीत घेऊन पाळीवर आला. अठरा माणसांच्या वर्तुळात उभा राहिला आणि मोरेश्वराला म्हणाला, “तू सांग मोरू. तू म्हणशील तसं करतो.”

आता मंडळाची एक रीत होती. नव्या सभासदाने आपल्या जिवाला ओझे झालेली वस्तू तळ्यात सोडायची. याला ‘विसर्जन’ म्हणत. कोणी तंबाखूची डबी सोडली होती, कोणी कोर्टाची तारीख लिहिलेला कागद. एकाने सासऱ्यांचा फोटो सोडला होता. तो संध्याकाळी पत्नीसमवेत येऊन काढावा लागला.

मोरेश्वराजवळ दोन उत्तरे होती. एक खरे, एक टाळ्यांचे.

“फेक बे यादो,” मोरेश्वर म्हणाला. “आपण मग कशाले हाओत?”

पट्टी हवेत गेली. कोवळ्या उन्हात एकदा उलटली, दोनदा उलटली, आणि पाण्यात न पडता शिंगाड्याच्या पानावर अलगद टेकली, एखाद्या चंदेरी चतुरासारखी. अठरा जणांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत मोठी टाळी अध्यक्षांची होती.

आणि त्या क्षणी अध्यक्षांच्या पोटात, पावणेसहाला कोमट पाण्याबरोबर घेतलेली एक पांढरी गोळी हळूहळू विरघळत होती. त्याच जातीची, त्याच कामाची. नऊ वर्षे, रोज एक. घरी ती त्रिफळा चूर्णाच्या डब्यात राहत असे. पत्नीची समजूत होती की यांचे पोट नाजूक आहे.

त्यानंतर यादो पाळीवर आला नाही. पट्टी मात्र रोज येत होती. म्हणजे होती तिथेच होती. मोरेश्वर हसे, ती चमके. मोरेश्वर डोळे मिटे, ती पापणीच्या आत चमके. दंवाने भिजून, उन्हाने वाळून, ती आपल्या दहा डोळ्यांनी त्याच्याकडे पाहत राही.

त्या दिवशी मंडळ पांगले तेव्हा शिंगाडे काढणारी सगुणा ढिवरीण डोंगा काठाला लावून त्याच्यापाशी आली. ओल्या हाताने तिने पट्टी पुढे केली.

“भाऊ, हे घ्या जी. तुमच्या मंडळाचं दिसते. शिंगाड्याले हे लागत नाही.”

मोरेश्वराने पट्टी कोटाच्या खिशात ठेवली. दहा गोळ्यांची पट्टी ती. पण घरी जाताना त्याचा एक खांदा झुकला होता.

दुपारी तो जेवायला बसला, तोच दारात यादोची पत्नी, देवकावहिनी, येऊन उभी राहिली. पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, गुंडाळत होती.

“भाऊजी, काल यांनी मले पाण्याची मोटर लावायले शिकवली.”

“मग चांगलंच हाय ना, वहिनी.”

“पस्तीस वर्षांत हात लावू नाही दिला. काल तीनदा शिकवलं. मले येते का ते पाहिलं.” तिने पदर सोडून दिला. “आणि ब्रश सारे वाटून टाकले. एकही नाही ठेवला.”

हिवाळ्याचे ऊन तसेच होते, पाखरे तशीच होती. पण मोरेश्वराने हातातला घास परत ताटात ठेवला. वहिनीला पुढे धाडून तो ताटावरून तसाच उठला आणि त्रिफळ्याचा डबा घेऊन निघाला.

वाटेत त्याने भाषण जुळवले. मन म्हणजे सरोवर. विषाद म्हणजे धुके. धुके सरोवराचे नसते, ऋतूचे असते. भाषण सुंदर होते. चिंचेपासून यादोच्या फाटकापर्यंत ते आणखी सुंदर झाले.

यादो ओट्यावर बसला होता. दाढी वाढलेली, नजर भिंतीच्या पोपड्यांवर. दुपारचे ऊन त्याच्या पाठीवर पडत होते, आणि पाठीला ते ठाऊक नव्हते.

“यादो,” मोरेश्वराने सुरुवात केली, “माणसाचं मन म्हणजे असं पाह्य...”

“मोरू, फलक नको वाचू.”

सरोवर आटले, धुके विरले. ओट्यावर दोन म्हातारे तेवढे उरले. चिमण्या कण्यांवर भांडत होत्या, आत देवकावहिनी भांडी घासायचे थांबली होती. आणि मोरेश्वराने जन्मात पहिल्यांदा एक प्रश्न अलंकाराविना विचारला.

“मरायचं मनात येते का बे?”

एक चिमणी उडाली. दुसरी उडाली.

“येते,” यादो म्हणाला. “रोज येते.”

मोरेश्वराने डब्याचे झाकण उघडले. चूर्णाचा वास आला, उग्र, तुरट, आयुर्वेदिक आणि सर्वस्वी खोटा. वासाखालून निघाल्या गोळ्यांच्या पट्ट्या. एक, दोन, तीन.

“ह्या माझ्या हायेत. नऊ वर्षं झाली.”

यादोने मान वळवली. किती दिवसांनी भिंतीवरून त्याची नजर हलली, हे भिंतीलाच ठाऊक.

“तुले काय झालं होतं?”

“काहीच नव्हतं झालं. हपिसात खुर्चीवर बसलो आणि तीन तास उठताच नाही आलं. चपराशी समजला, साहेब काम करून राहिले. त्याचंच जास्त वाईट वाटलं.”

यादो हसला नाही. पण ऐकत होता.

“मग मले फेक काहून म्हणला?”

मोरेश्वराजवळ शब्द पुष्कळ होते. आयुष्यभर त्याने शब्दांचीच शेती केली होती. त्यातला एकही कामाचा निघाला नाही. खरे तेवढे उरले.

“टाळ्या पडणार होत्या.”

ऊन एक फरशी पुढे सरकले. यादो बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. त्या नजरेत राग होता, आणि मोरेश्वराला तो राग एखाद्या पिकल्या फळासारखा वाटला. कारण गेले वर्षभर त्या नजरेत रागसुद्धा नव्हता.

“गोळीनं हात थरथरते का?” यादोने शेवटी विचारले.

“माझा नाही थरथरत. सुरुवातीले तोंड सुकलं, मळमळलं, दोन आठवडे नुसता झोपलो. पहिली गोळी नाही जमली, डॉक्टरनं बदलून दिली.”

“आणि हसू? ते तुयं हाय का गोळीचं?”

“पाळीवरचं खोटं हाय. बाकीचं माझं हाय.” मोरेश्वराने पट्ट्या परत डब्यात ठेवल्या. “गोळी हसवत नाही रे. सकाळी चप्पल घालता येते, एवढंच. पुढं आपल्यालेच चालावं लागते.”

यादोचा हात डब्याकडे गेला. मोरेश्वराने डबा चटकन मागे ओढला.

“ह्या नाही. तुयं औषध तुले. डॉक्टरले सारं सांगू, मोटरीचं पण सांगू. आठच्या गाडीनं उद्या नागपूर. तोवर मी इथंच हाओ.”

“एका बोलीवर,” यादो म्हणाला. “अठरा जणांसमोर फेक म्हणला होता. आता तुयी गोळी अठरा जणांसमोर घे.”

मोरेश्वर त्या दिवशी तिथेच जेवला, तिथेच निजला. देवकावहिनीने त्याचे अंथरूण यादोच्या खाटेला लागून घातले.

आणि पुन्हा पहाट झाली. पुन्हा राखाडी, पुन्हा जांभूळ, पुन्हा केशर. धुके पांढऱ्या गायींच्या कळपासारखे पाण्यावरून सावकाश निघाले होते. पाळीवर अठरा जण जमले. जरा दूर, चिंचेला टेकून, गळ्यापर्यंत शालीत गुरफटलेला यादो उभा राहिला.

मोरेश्वर वर्तुळाच्या मध्ये गेला. त्याने खिशातून स्वतःची गोळी काढली, उंच धरून सर्वांना दाखवली, जिभेवर ठेवली आणि बाटलीतल्या पाण्याने गिळली.

सारे खदखदून हसले.

त्यांना वाटले, नक्कल आहे. गोळ्या खाणाऱ्यांची अध्यक्ष नक्कल करतात. एकाने डोळे पुसले. एक म्हणाला, “पुन्हा एकदा, साहेब.” टाळ्या पडल्या; त्याच टाळ्या, तितक्याच टाळ्या. आणि त्या टाळ्यांमध्ये उभ्या असलेल्या मोरेश्वराला वाटले, तळ्याने आपल्याला पोटात घ्यावे, आणि हेही वाटले की तळे आपल्याला घेणार नाही, पानावरच ठेवील, सगळ्यांना दिसेल असे.

“नक्कल नाही,” तो म्हणाला. टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेले नाही. त्याने पुन्हा म्हटले. “नक्कल नाही, भाऊ. मनाच्या आजाराची गोळी हाय. नऊ वर्षं घेतो. यादोले फेक म्हणलो तेव्हाही घेऊन आलो होतो. मी लबाड बोललो.”

हसू थांबले. असे थांबले की पाणकोंबड्या परत येऊन बसल्या. कोणी स्वेटरचे बटण लावू लागले, कोणी बूट पाहू लागले. धुके थांबले, वारा थांबला.

मग पोलीस बँडात ढोल वाजवून निवृत्त झालेले, अगडबंब, गलमिशांचे बोदेले हवालदार खाकरले.

“माझी जेवणानंतरची असते,” ते तळ्याकडे पाहत म्हणाले. “अर्धी.”

त्या सकाळी मंडळ हसले नाही. बऱ्याच जणांना बरे वाटले.

मोरेश्वराचा अपराध फिटला नाही. दीड महिन्यात रोज एकेक करून मावळलेल्या यादोच्या सकाळी कोण परत आणणार? तो खाली मान घालून चिंचेपाशी गेला. यादोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. क्षमा केली नाही. तो नुसता चालू लागला, एसटी स्टँडच्या दिशेने. आणि चार पावलांवर थांबला, मोरेश्वर येतो आहे का ते पाहायला.

सूर्य वर आला. ओल्या बांध्यांतून, दंवभरल्या गवतातून, उजळणाऱ्या पायवाटेवरून दोन वृद्ध चालले होते. दोघांच्या तोंडांतून दोन वाफा निघत होत्या. निघत होत्या, एकमेकींत मिसळत होत्या, उन्हात विरत होत्या. पुन्हा निघत होत्या.

“मोरू,” वळणावर यादो म्हणाला, “देवकाले फोन लाव. स्टँडवर आणते त्या डब्यात वांगं नको म्हणावं.”