लाल रंगाखाली अडकलेली जीप

मी एक जुनी जीप आहे. बनले लढाईसाठी, पण लढाई संपली आणि बोटीत बसून आले कोलंबियाला. तेव्हापासून कालार्काच्या डोंगरात कॉफीची पोती वाहतेय. मित्रांनो, आमच्याकडे ‘एक जीप केळी’ म्हटलं की माल किती ते सगळ्यांना कळतं. कुणी घर बदललं की पलंग, कपाट, कोंबड्या, देवाची तसबीर, सगळं एकाच जीपवर रचतात. सणाला तशाच लादलेल्या जीपांची मिरवणूक निघते.

मला आंपारो चालवते. आधी तिचे बाबा चालवायचे. वरच्या वाडीतली माणसं माझ्याशिवाय खाली येत नाहीत, आणि आंपारोचं घरही माझ्यावरच चालतं. पण तिच्या धाकट्या भावाला, विल्मारला, मला विकायचं होतं. हॉटेलवाले एरिबेर्तोशेठ मला अंगणात उभी करून माझ्यात फुलझाडं लावणार होते. भावंडांचं खूप वाजलं. शेवटी ठरलं, सामान लादून मी मिरवणुकीत चौकापर्यंत गेले तर आंपारोकडे राहायचं, नाहीतर हॉटेलात.

शेठना गाडी चकचकीत हवी, म्हणून विल्मारनं बॅटरीच्या तारा सोडवल्या आणि मला लाल रंग फासला. चासी म्हणजे माझा खालचा लोखंडी सांगाडा, बोल्टांची भोकं, काही म्हणजे काही सोडलं नाही. मग आंपारोनं स्वतःच तारा जोडल्या. वर रंगीत दिव्यांची माळ लावली, ट्रकचा भोंगा लावला आणि त्यांच्या तारा थेट बॅटरीवर बसवल्या.

सणाच्या सकाळी माझ्यावर अख्खं घर चढलं. आंपारोनं किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

मग काय, जो तो मेकॅनिक झाला. एकानं पेट्रोलची नळी फुंकली, एकानं प्लग पुसले. ढकलावं तर समोर चढ, आणि सामान उतरवावं तर मिरवणूक निघून जाणार. पुढच्या जीपा हलायलाही लागल्या होत्या. शेठ सावलीत उभे राहून माझी लांबी-रुंदी बघत होते.

“ताई, दिवे बघ कसे लखलखतायत,” विल्मार म्हणाला. “बॅटरी ठणठणीत आहे. म्हातारीचं इंजिनच गेलंय, सोड आता.”

दुखणं कुठं आहे ते मला ठाऊक होतं. पण जीपला बोलता येत नाही.

आंपारोनं माझे पुढचे जुने दिवे लावून पाहिले. ते जेमतेम मिणमिणले.

“बॅटरी एकच ना रे?” ती म्हणाली. “मग माळ झगझगते आणि हिचे डोळे का मिटलेत?”

ती वाकून खाली शिरली. बॅटरीची एक तार माझ्या चासीला घट्ट आवळलेली होती, पण मध्ये जाडजूड लाल रंग. तार लोखंडाला नीट टेकतच नव्हती, आणि माझी वीज त्या लोखंडातूनच बॅटरीत परतते; माळेचं तसं नाही, तिच्या दोन्ही तारा थेट बॅटरीवर.

“इथं पण रंग दिलास?”

“शेठ म्हणाले, गंज कुठं दिसायला नको.”

“आणि मी बघितलं नाही, वरूनच नट आवळला. कसले शहाणे आपण दोघं. कोयता दे.”

कोयता विल्मारच्या कमरेला होता. त्यानं शेठकडे बघितलं. मग बहिणीकडे, ग्रीसनं माखलेल्या तिच्या हातांकडे. 

“सरक तिकडं,” तो म्हणाला. “बोटं कापून घेशील.” आणि अंगातल्या नव्या सदऱ्यासकट स्वतःच माझ्याखाली शिरला.

खर्रखर्र करत त्यानं रंग खरवडला. आतलं लोखंड चमकल्यावर तार पुन्हा आवळली. आंपारोनं किल्ली फिरवली आणि मी अशी गुरगुरले की वरच्या कोंबड्या फडफडल्या.

“अहो, तिथं आता गंज चढेल,” शेठ कुरकुरले.

“चढू दे,” विल्मार म्हणाला. “मी खरवडीन.”

आणि सामानावर चढून पलंगावर ऐसपैस बसला. चौकापर्यंत गेलो आम्ही, सगळ्यांत मागून, पण गेलो.

मित्रांनो, तुमच्या गाडीला हौसेनं रंग द्या, दिवे लावा. पण तार जिथं अंगाला टेकते तेवढी जागा उघडी ठेवा, नट आवळून वरून बोटभर ग्रीस लावा. लोखंडाला लोखंड भेटलं की आम्हाला आणखी फार काही लागत नाही.