हिराकाकीच्या दारातला निळा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे, पण ऐकायचं तर जरा लांब उभे राहून ऐका. माझ्या पोटावर पिवळा कागद चिकटवलाय, त्यावर कवटीचं चित्र आहे, आणि ते कुणी थट्टेनं काढलेलं नाही. सांगायचं खूप आहे नि वेळ थोडा. आज-उद्या गाडी येईल आणि मला भट्टीत जाळायला घेऊन जाईल. हळहळू नका. मीच त्या गाडीची वाट बघत बसलोय.

माझा जन्म मिरजोळ्याच्या एका शेडमधला. गरम प्लास्टिकचा लोळा साच्यात सोडला, आत हवेची फुंकर मारली आणि मी टुम्म फुगून बाहेर आलो. काय तो रंग, काय ती तकाकी! मला ठोकून बघणारा कामगार म्हणाला, "ह्यो पंचवीस वर्षं हलायचा नाय." ते ऐकून मी असा फुशारलो की विचारू नका. नवा होतो, रिकामा होतो, अक्कल यायची होती.

मला वाटलं, आपल्यात पाणी भरतील, मीठ भरतील, गेला बाजार कोकमाचं आगळ तरी. कसलं काय! एका लांबच्या कारखान्यात नेऊन माझ्यात पिवळसर, तेलकट औषध ओतलं. शेतातली कीड मारायला वापरतात, त्यातलं. माझं झाकण लावताना कामगार तोंड फिरवायचे. पुढं तो कारखाना बुडाला, मालक परागंदा झाला, आणि एका पहाटे आम्हा सगळ्या ड्रमांना ट्रकात घालून इथल्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, आणलं. सड्यावर एक बंद चिरेखाण होती, घरांचे तांबडे चिरे काढून काढून झालेला मोठा खड्डा. त्यात आम्हांला ढकलून दिलं. अंगावरचं कारखान्याचं नाव त्यांनी आधीच खरवडून टाकलं होतं. माझ्या बुडाशी कोरलेला नंबर तेवढा त्यांच्या नजरेतून सुटला.

पडताना माझं झाकण उडालं आणि पोटातलं सगळं खाणीत सांडलं. तिथल्या डबक्यात बेडूक होते. दुसऱ्या दिवशी ते पोट वर करून तरंगत होते. आपण काय वाहून आणलंय हे मला तेव्हा कळलं, पण कळून उपयोग काय? जांभा दगड म्हणजे नुसती चाळण. वरचं पाणी खाली झिरपायला त्याला वेळ लागत नाही. आणि सड्याच्या पायथ्याला मासेमारी करणाऱ्या खारव्यांची वाडी होती.

त्या वाडीतल्या राकेशनं मला उचललं. तो बोटीवर जायचा. सड्यावर लाकडं आणायला आला होता, तेव्हा त्याला मी दिसलो. असा दांडगा ड्रम फुकट मिळाल्यावर कोण सोडतो? त्याच्यासारख्या आणखी काहीजणांनी एकेक रिकामा ड्रम घरी नेला. राकेशनं मला अंगणात आणून टाकलं आणि आईला हाक मारली, "आये, बघ काय आणलाय!"

त्याची आई म्हणजे हिराकाकी. डोक्यावर पाटी घेऊन मासे विकणारी, तोंडानं तिखट, हातानं स्वच्छ. तिनं मला तीन दिवस धुतलं, मित्रांनो. आधी राख, मग चिंच, मग रेती, शेवटी लिंबू. उन्हात पालथा घातला. मग माझ्यात डोकं घालून वास घेतला आणि म्हणाली, "नाय गो बाय, कसला वास नाय. झाला सोवळा!"

कसला सोवळा! वरून कीर्तन, आतून तमाशा. प्लास्टिकच्या डब्याला हळद लागली तर कितीही घासा, पिवळेपणा जातो का? तसं ते औषध माझ्या अंगात मुरलं होतं. आतलं पाणी उन्हानं तापलं की ते हळूहळू त्यात उतरायचं. पण माझ्यातलं पाणी जाळी आणि पाय धुवायला जायचं. प्यायचं पाणी विहिरीचं, ते तांब्याच्या हंड्यात. तेवढ्यावर मी स्वतःची समजूत घालत होतो. दोन वर्षं अशी गेली.

मग विहिरीला वास यायला लागला. वाडीजवळच्या व्हाळातले, ओढ्यातले, मासे मेले. वाडीतल्या लोकांनी अर्जांवर अर्ज केले, तेव्हा कुठं योगिनी शितप आल्या. देवरूखच्या कॉलेजात शिकलेल्या, आणि पुढची वीस वर्षं अशाच नासलेल्या जागा साफ करत देशभर फिरलेल्या. रसायनांनी सडलेली जमीन कशी उकरायची, कुठं थांबायचं, माणसं कशी जपायची, यातल्या त्या जाणकार. माणूस भारी होता. खाणीभोवती त्यांनी दोरी बांधली. दोरीच्या आत कुणी पाणी प्यायचं नाही, विडी ओढायची नाही, तोंडाला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी विषापासून वाचवणारा जाड पोशाख चढवून त्या स्वतः खाली उतरल्या, मगच कामगारांना उतरवलं. विहीर त्याच दिवशी बंद केली आणि वाडीला टँकर सुरू केला. टँकरच्या पाण्याची तपासणीही त्या स्वतः करायच्या.

पण चूक व्हायची ती झालीच. त्यांचा मदतनीस हर्षद रिक्षात भोंगा लावून वाडीत फिरला. "खाणीतले ड्रम ज्यांनी नेले असतील त्यांनी चोवीस तासांत जमा करावेत, अन्यथा कायदेशीर कारवाई होईल!" एवढंच. ड्रम कशासाठी द्यायचे, ते सांगितलंच नाही. झालं! वाडीची दारं पटापट लागली. राकेश तेव्हा महिनाभरासाठी समुद्रात होता. त्याची बायको नम्रता घाबरून म्हणाली, "आई, देऊन टाकूया का?"

"गप बस," हिराकाकी म्हणाली. "चोर म्हणून नाव लागला तर त्याचा बोटीवर जायचा कार्ड जाईल. मग खायचा काय?"

तिनं माझ्यावर जुनं जाळं टाकलं. असेच सगळ्या घरांतले ड्रम कुठं गवताखाली, कुठं लाकडांमागं गेले. एकही ड्रम जमा झाला नाही, आणि योगिनीताईंच्या वहीत लिहिलं गेलं की वस्तीत एकही ड्रम नाही.

आता पुढचं ऐका. टँकर यायचा तीन दिवसांतून एकदा. तांब्याच्या हंड्यात किती मावणार? मग माझी बढती झाली. अंगणातून मला जाळ्यासकट स्वयंपाकघराच्या दाराशी आणलं आणि टँकरचं स्वच्छ, तपासलेलं पाणी माझ्यात ओतलं. प्यायला! मी ओरडलो, मित्रांनो. जिवाच्या आकांतानं ओरडलो. पण ड्रमाचं ओरडणं म्हणजे पाण्याचा बुडबुडा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी दिवसरात्र खाल्ला. वर सड्यावर माणसं घाम गाळून माती उकरत होती आणि विष इथं चुलीपासून चार पावलांवर बसलं होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

घरात सलोनी होती, राकेशची पाच वर्षांची लेक. ती मला ढोलू म्हणायची. येता-जाता माझ्यावर ताल धरायची आणि उन्हातून आली की माझ्यातून पेला भरून घटाघटा प्यायची. मी त्या पेल्याकडं बघायचो. पी नको गं बाळे, पी नको, असं शंभर वेळा म्हणायचो.

मोठ्यांची नुसती डोकी दुखायची, पण आठवड्यानं ती चिमुरडी आजारी पडली. उलट्या, तोंडातून लाळ, पायांत त्राण नाही. इस्पितळात पाच दिवस ठेवली. तिथलं पाणी पिऊन पोरगी उठून बसली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टरांनी घरी पाठवताना सांगितलं, चांगलं पाणी भरपूर पाजा. हिराकाकीनं ते मनावर घेतलं. तासातासाला पेला भरायची, नातीला मांडीवर घ्यायची. "पी गो माझे बाय, दोन घोट पी." इतक्या मायेनं विष पाजताना मी कुणाला पाहिलं नव्हतं आणि देव करो, पुन्हा पाहायला न लागो.

चौथ्या दिवशी दुपारी सलोनीचे हातपाय झटके द्यायला लागले. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. नम्रता तिला रिक्षात घालून इस्पितळात धावली. हिराकाकी कपडे गोळा करायला मागं राहिली, पण तिला पिशवी सापडेना, काही सुचेना. तेवढ्यात रिक्षातून सलोनीला नेताना बघून दारात योगिनीताई आल्या. मागोमाग हर्षद. विहीर बंद, टँकर स्वच्छ, मग तेच मूल दुसऱ्यांदा कसं आजारी पडतं, हे कोडं त्यांना स्वस्थ बसू देत नव्हतं.

हिराकाकीच्या हाताला सवयच होती. घरावर काहीही संकट असो, दारात आलेल्या माणसाला गूळ-पाणी दिल्याशिवाय ती राहायची नाही. रडता रडता ती वळली, जाळं बाजूला केलं, माझ्यात तांब्या बुडवला आणि गुळाचा खडा घेऊन बाहेर गेली.

योगिनीताईंनी तांब्या हातात घेतला, पण ओठाला लावला नाही.

"मावशी, हे कुठलं पाणी?"

"टँकरचाच हाय."

"टँकर परवा आला होता. एवढं पाणी तुम्ही कशात भरता?"

हिराकाकीनं गुळाचा खडा पुढं केला. मी आत हिंदकळत होतो. बोल गं बाई, बोल! पोर जाईल!

हर्षद म्हणाला, "काकी, खाणीतला ड्रम घरात असेल तर..."

"हर्षद, तू थांब," योगिनीताई म्हणाल्या. त्या उंबऱ्याबाहेर खाली बसल्या, हिराकाकीच्या पायाशी. "मावशी, चोरीबिरी कुणी विचारत नाही. चूक माझी आहे. मी भोंग्यावरून दम दिला आणि तुम्ही घाबरलात. टँकर पाठवला, पण तो कशात ओतता हे बघायला मी आले नाही. आता एवढंच सांगा. कसलं विष आहे ते कळलं, तरच डॉक्टरांना नेमकं औषध देता येईल."

हिराकाकीनं जाळं ओढून बाजूला फेकलं. "ह्यो बघा! खाणीतला हाय! मीच धुतलाय, तीन दिस धुतलाय. आणि मीच पाजलं गो तिला! माझ्या हातानं!" आणि तिनं कपाळ भिंतीवर आपटलं.

योगिनीताईंनी तिला दोन्ही हातांनी धरलं. हर्षदनं हातमोजे घालून मला आडवा केला आणि बुडाशी कोरलेला नंबर वाचला. खाणीतल्या ड्रमांवरून त्यांनी कारखान्याची यादी मिळवून वहीत उतरवली होती; तीत तो नंबर होता, आणि पुढं औषधाचं नावही. योगिनीताईंनी तिथूनच इस्पितळात फोन लावला. विषाचं नाव दोनदा सांगितलं, अक्षर न् अक्षर फोडून. माझ्यातलं पाणी अंगणात सांडू दिलं नाही, दुसऱ्या बंद डब्यात भरून घेतलं. एवढ्या घाईतही त्यांचा हात कुठं चुकला नाही.

सलोनी वाचली. अकरा दिवस नळ्या लागल्या होत्या, पण वाचली.

वाडीत आणखी ड्रम होतेच. योगिनीताईंनी पुन्हा भोंगा फिरवला नाही. त्या घरोघर निघाल्या आणि त्यांच्यापुढं हिराकाकी चालली. प्रत्येक दारात उभी राहून तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, माझ्या घरात काय झालं ते. एका बाईला ते सांगणं किती जड जात असेल! संध्याकाळपर्यंत नऊ ड्रम बाहेर आले. कुणी धान्य ठेवलं होतं, कुणी सुकट, कुणी बाळाच्या अंघोळीचं पाणी. त्या प्रत्येक घराला नवा ड्रम मिळाला. ते जुने नऊ ड्रम आणि मी, सगळे आता सड्यावर दोरीच्या आत रांगेत उभे आहोत.

गेल्या रविवारी हिराकाकी इथं, दोरीबाहेर, आली होती. योगिनीताईंनी जबाबावर तिची सही घ्यायला बोलावलं होतं. बरोबर नम्रता आणि सलोनी. पोरगी वाळून काडी झालीय. आईचा पदर धरून चालते, पाय अजून लटपटतात. ऊन फार होतं. सलोनी म्हणाली, "तहान लागली." हिराकाकीनं लगबगीनं पिशवीतून कंपनीची सीलबंद बाटली काढली, तिच्यासमोर उघडली आणि पुढं केली.

सलोनीनं बाटली घेतली नाही. आधी आईच्या तोंडाकडं बघितलं. नम्रतानं मान हलवली, तेव्हा तिनं बाटली घेतली आणि प्यायली.

हिराकाकीचा हात तसाच पुढं राहिला होता.

मित्रांनो, मला भट्टीत घातलं की माझ्यातलं विष जळेल. खाण साफ होईल, विहीरही दोन-चार वर्षांत सुधारेल, योगिनीताई ते करूनच जातील. पण त्या पोरीचं ते बघणं कसं साफ करायचं, हे त्यांनाही माहीत नाही. मी त्यांना विचारू शकलो असतो तरी त्या काय सांगणार?

म्हणून हात जोडून सांगतो. माझ्यासारखा फुकटचा ड्रम घरात आणू नका, कितीही चकचकीत दिसला तरी. आणलाच असेल तर लपवू नका. आणि तुमच्यातलं कुणी मोठं होऊन योगिनीताईंसारखं काम करायला लागलं, तर भोंगा घरी ठेवा, लोकांच्या दारात जाऊन बसा, आणि पाणी कशात भरता ते पहिल्याच दिवशी विचारा.