रामहरीचा पट्टा

ठेकेदार कंपनीनं बसच्या ड्रायव्हरांच्या मनगटावर काळे पट्टे बांधले, तेव्हा कंडक्टर शिवलीलाला बरं वाटलं होतं. माणूस दमला की पट्टा लाल व्हायचा, ऑफिसात निरोप जायचा आणि त्याला विश्रांती द्यावी लागायची.

रामहरीचा पट्टा रोजच लाल होऊ लागला. रात्री पुण्याची फेरी करून आलेला तो माणूस सकाळी परत भूमच्या गाडीवर बसायचा. बदली ड्रायव्हर नव्हताच. मग मॅनेजर विरेशनं शिवलीलाला बोलावलं.

"ताई, तुमची झोप व्यवस्थित होतीय ना? मग ह्यो पट्टा तुमीच घाला."

तिनं घातला. आतून त्याच्यावर रामहरीच्या घामाचा चिकट थर होता. तिनं तो ओढणीनं पुसला. तीन आठवडे पट्टा हिरवा राहिला.

त्या दिवशी येरमाळ्याच्या पुढं, भर दुपारी, गाडी हळूच रस्ता सोडून मेंढरांत शिरली. किंकाळ्या, ब्रेक, धूळ. शिवलीला खाली उतरली. दोन मेंढ्या चाकाखाली होत्या. एकीचं आतडं टायरला गुंडाळलं होतं, त्यावर लगेच माशा बसल्या.

मेंढरं राखणारी धुरपताबाई ड्रायव्हरच्या दारावर हात आपटत होती. "झोपला व्हतास का रं? म्या वरडून वरडून मेले!"

रामहरी स्टिअरिंगला धरूनच बसला होता. "व्हय मावशी," तो म्हणाला. "डोळा लागला."

शिवलीलानं मनगटाकडं पाहिलं. हिरवा. ती रस्त्याच्या कडेला जाऊन ओकली.

तासाभरानं विरेश जीपमधून आला. नाकाला रुमाल लावून तो मेंढ्यांना वळसा घालून गेला. धुरपताबाईकडं त्यानं पाहिलंदेखील नाही. आधी मोबाइलवर पट्ट्याची नोंद उघडली आणि तो हसला.

"हिरवा हाय! सुटलो. ड्रायव्हर पूर्ण जागा व्हता, मेंढरं अचानक आडवी आली. ताई, इथं सही करा."

कागद छापूनच आणला होता. शिवलीलाला त्याच्या अत्तराचा वास आला. त्याची किळस आली, पण त्याहून जास्त स्वतःच्या हाताची. तिनं पट्टा काढून धुरपताबाई आणि सगळ्या प्रवाशांपुढं धरला.

"ह्यो रामहरीदादांचा हाय. तीन आठवडं झालं, म्या घालून फिरतीय. ह्यांनीच घालाय लावला."

विरेश दबक्या आवाजात म्हणाला, "तुमीबी अडकाल."

"अडकते की. घातला तर म्याच व्हता ना?"

पोलीस आले तेव्हा तिनं हेच लिहून दिलं. आठ दिवसांत तिची नोकरी गेली. रामहरीचं लायसन जप्त झालं. विरेशला दुसऱ्या तालुक्यात नेलं, तेही वरच्या जागेवर. कंपनीनं सगळ्या पट्ट्यांना कुलपं बसवली. ड्रायव्हर मात्र एकही वाढवला नाही.

महिन्याभरानं भूमच्या बाजारात रामहरी दिसला. शिवलीलाला वाटलं, हा आता तोंडावर थुंकेल. तो जवळ आला आणि त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"आधीच नको म्हणायला पायजे व्हतं तू," तो म्हणाला. "आन् म्याबी."

तो पिशवी उचलून गर्दीत गेला.