रसिकाचा चालता पेपर

शिरोड्याजवळच्या त्या हायस्कूलला शनिवारी सुट्टी असायची आणि रविवारी शाळा. शनिवार पाळणाऱ्या कोकणी ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्रायलींच्या, एका ट्रस्टनं ती कधीकाळी सुरू केली होती. आता शाळेत ज्यू म्हणावेत असे एकटे हेडमास्तर ॲरोन आवासकर. बाकी पोरं हिंदू आणि ख्रिश्चन. ख्रिश्चन पोरं रविवारी मिस्सा आटपून कडक इस्त्रीच्या कपड्यांत थेट वर्गात येत, आणि त्यांच्या मागून धापा टाकत जॉयस टीचर.

ज्यांना नेहमीच्या पद्धतीनं शिकणं जमत नाही, अशा मुलांसाठी ट्रस्टनं जॉयसना नेमलं होतं. त्यांचा जीव खरा अडकला होता तो नववीतल्या रसिकात. कागदावरची अक्षरं रसिकासमोर कोळंबीसारखी उड्या मारत. तोंडी विचारलं तर मात्र पोरगी घडाघडा सांगे. अट एकच, चालता चालता.

"टीचर, माका बसान जमणा नाय. बसलंय काय डोक्यातला सगळा खाली पायात जाता."

सहामाहीला रसिकाला चालत उत्तरं सांगता यावीत आणि ती उतरवायला लेखनिक मिळावा म्हणून जॉयस हेडमास्तरांच्या मागेच लागल्या. शेवटी सर म्हणाले, "ठीक आहे. चालू दे तिला. पण तिच्या तोंडून येईल तो शब्द न् शब्द उतरवायचा. पदरचं काही घालायचं नाही, तिचं काही गाळायचं नाही. आणि पर्यवेक्षक मी स्वतः!"

विज्ञानाचा पेपर व्हरांड्यात सुरू झाला. पुढे रसिका, मागे पॅडवर खरडणाऱ्या जॉयस, त्यांच्या मागे छत्री घेतलेले सर. दुसऱ्या प्रश्नाला वरात मैदानात उतरली. तिसऱ्याला फाटकाबाहेर पडली.

"अगं, कुठे?" सर ओरडले.

"तुम्हीच चालू दे म्हणालात," जॉयस मागे न बघता म्हणाल्या. उत्तर फार छान चाललं होतं. ते तोडायचं त्यांच्या जिवावर आलं.

किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. पाण्यातलं ते भलंमोठं जाळं दोराला धरून माणसं वाळूवर खेचत होती. त्यांत रसिकाची आजी काशीबाईही होती.

"गो रसिका, शाळा सोडून खंय फिरतंस?"

"आजये, पेपर आसा माझो!"

"मगे हयसर दोर धर, आणि दी पेपर."

रसिकानं दोर धरला आणि तिची उत्तरं भरतीसारखी यायला लागली. जॉयसचं पेन मागे पडू लागलं.

"कुणीही उत्तर सांगायचं नाही!" सरांनी सगळ्या रापणकरांना बजावलं.

"आमका प्रश्नच कळाक नाय, सायबानू," एकजण म्हणाला. "तुमी ओढा."

पर्यवेक्षकानं विद्यार्थिनीपासून हलायचं नाही, म्हणून सरांनीही दोर धरला. लाट आली, सर बसले, छत्री गोव्याच्या दिशेनं निघाली.

आठवड्यानं विज्ञानाचे विनीत सर तो पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आले आणि गंभीर चेहऱ्यानं वाचू लागले: "वस्तूवर जास्त बल लावलं की त्वरण वाढतं, आजये जोरात ओढ, वस्तुमान वाढलं की त्वरण कमी होतं, म्हणून जाळा हलणा नाय, ह्योच न्यूटनचो दुसरो नियम, अगो बाय, सर पडले."

मेहनत पोरीची आणि फजिती सरांची, दोन्ही एकाच कागदावर होती. जॉयस हेडमास्तरांकडे बघेनात.

"नियम बरोबर आहे?" हेडमास्तरांनी विचारलं.

"उदाहरणासकट. असं उत्तर वर्गात दुसऱ्या कुणाचं नाही."

"मग पूर्ण गुण द्या." सरांनी चष्मा पुसला. "मी पडल्याचं अभ्यासक्रमाबाहेर समजा."

रसिका विज्ञानात पहिल्यांदाच पास झाली. निकाल ऐकून ती व्हरांड्यातून अशी सुटली की जॉयसना तिला मिठी मारायलाही मागे पळावं लागलं.

वार्षिक परीक्षेला सरांनी फाटकाला कुलूप घातलं. विज्ञानाच्या दिवशी रसिकानं मैदानाला किती फेऱ्या घातल्या ते जॉयसच्या पायांना ठाऊक. घरी येऊन त्यांनी मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडले आणि डोळे मिटले. उद्या इतिहास होता, आणि इतिहास रसिकाला धावताना आठवे.