शेजारचा ब्रेक

मास्तरांची गाडी निघाली तेव्हा तिच्या टपावर उशीचा अभ्रा चढवलेला होता. गाडी मूळची ड्रायव्हिंग स्कूलची, बारा वर्षं नवशिक्यांचे गचके खाऊन खिळखिळी झालेली. स्कूल बंद पडलं तेव्हा मालकांनी ती मास्तरांना प्रेमानं देऊन टाकली, आणि प्रेमापोटी त्यातलं काही काढूनही घेतलं नाही. जादा आरसे तसेच राहिले, मास्तरांच्या पायाखालचा दुसरा ब्रेक तसाच राहिला आणि टपावरची 'शिकाऊ चालक' ही पाटीही तशीच राहिली, कारण तिचे बोल्ट गंजून बसले होते. पंचवीस वर्षं लोकांना गाडी शिकवलेल्या माणसानं अशी पाटी मिरवत नऊशे किलोमीटर जायचं, हे मास्तरांना काही पटेना. म्हणून अभ्रा. लांबून बघणाऱ्याला टपावर कोणीतरी आडवं झाल्यासारखं वाटायचं आणि ट्रकवाले काळजीनं मान बाहेर काढून बघायचे.

तीन वर्षं परक्या शहरात काढून नवराबायको आपल्या घरी परत निघाली होती. मागच्या सीटवर भांडी, गाद्या, पंखा आणि एक कपडे वाळत घालायचा स्टँड, जो दर वळणाला बाईंच्या मानेला टोचत होता. बाई म्हणजे मास्तरांच्या पत्नी. त्या चष्म्याच्या दुकानात काम करायच्या. गिऱ्हाइकाच्या दोन बुबुळांमधलं अंतर त्या अर्ध्या मिलिमीटरपर्यंत अचूक सांगायच्या. एकदाच त्यांचा अंदाज चुकला होता आणि तो शिंपीकाकांच्या दुकानाच्या बाबतीत चुकला होता.

ते प्रकरण असं. तीन वर्षांपूर्वी, घर सोडून तिकडे जायच्या पंधरा दिवस आधी, बाईंनी दिराची नवी गाडी हौसेनं हातात घेतली. मागे सासूबाई बसल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी शिंपीकाकांचं दुकान, आणि तिथं वळायच्या ऐवजी बाई पुढची दोन्ही चाकं घेऊन थेट दुकानात शिरल्या. शिंपीकाका तेव्हा एका शाळेच्या मुख्याध्यापकांच्या पँटचं माप घेत होते. मुख्याध्यापक कमरेची टेप घेऊनच टेबलावर चढले. कोणाला साधं खरचटलंही नाही, फक्त कोट घातलेला लाकडी पुतळा कामी आला. दुसऱ्याच दिवशी शिंपीकाकांनी दारापुढे वाळूनं भरलेलं एक लोखंडी पिंप आणून ठेवलं आणि त्याला लाल रंग दिला. सासूबाईंनी जाहीर केलं की ही चालवत असेल त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही. गल्लीतल्या लोकांना तर आयतंच सापडलं. बाई नुसत्या पिशवी घेऊन चालत निघाल्या तरी कोणीतरी ओट्यावरून पाय वर घ्यायचं आणि सगळे हसायचे.

बाईही हसायच्या, पण ते मनाला फार लागलं होतं. म्हणून नव्या शहरात पोचल्यावर पहिल्याच महिन्यात त्या मास्तरांकडे गाडी शिकायला लागल्या. शिकल्या, लायसन मिळवलं, तीन वर्षं चालवली. आता घरी जाताना गल्लीत गाडी आपण न्यायची, शिंपीकाकांच्या पिंपाजवळून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं आणि मास्तरांकडून कबूलही करून घेतलं होतं.

फक्त एक गोष्ट त्यांना आतून खात होती. त्या तीन वर्षांत मास्तर शेजारी नसताना त्यांनी एकदाही गाडी चालवली नव्हती. आणि मास्तर शेजारी बसले की त्यांचा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर असायचा. शेजारचा ब्रेक एका लोखंडी दांडीनं खऱ्या ब्रेकला जोडलेला. मास्तरांनी दाबला की बाईंच्या पायाखालचाही आपोआप खाली जायचा. त्यामुळे गाडी आपण चालवतो की मास्तरांचा पाय चालवतो, हे बाईंना आजतागायत कळलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी सकाळी मास्तरांनी चालवली आणि दुपारी बाईंनी घेतली. बाई चालकाच्या जागेवर बसल्या की मास्तरांचा नवरेपणा कुठल्या कुठे जायचा आणि आत दडलेला शिक्षक जागा व्हायचा. आवाज बदलायचा, पाठ ताठ व्हायची, आणि मुख्य म्हणजे संबोधन बदलायचं.

"आरसा बघा, ताई," मास्तर म्हणाले.

बाईंनी शांतपणे विचारलं, ताई कोणाला म्हणताय? मास्तर ओशाळले. पंचवीस वर्षं शेजारी बसलेल्या प्रत्येक बाईला ते ताई म्हणत आले होते, जिभेला तसं वळणच पडलं होतं. दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा, ताई, क्लच पूर्ण दाबा, असं सांगितलं. तासाभरात बाईंनी दुरुस्त करायचं सोडून दिलं.

जिभेचं एक वेळ चालून गेलं असतं, पण पायाचं काय करायचं? समोर मैलभर रस्ता मोकळा असला तरी मास्तरांना कुठेतरी काहीतरी दिसायचं. लांब कडेला एक म्हैस, दाबला ब्रेक. पुलावर वाऱ्यानं उडणारी पिशवी, दाबला ब्रेक. एका शेतातलं बुजगावणं तर मास्तरांना रस्ता ओलांडायच्या बेतात वाटलं. दर वेळी मागची भांडी पुढे यायची, पंखा गादीवरून घसरायचा आणि स्टँड बाईंच्या मानेत घुसायचा. चौथ्या गचक्याला उशीचा अभ्रा उडून मागच्या ट्रकच्या काचेवर जाऊन बसला. ट्रकवाल्यानं तो आणून दिला, टपावरची पाटी वाचली, एकदा बाईंकडे आणि एकदा मास्तरांकडे बघितलं आणि मास्तरांना म्हणाला की तुमचं काम फार जोखमीचं आहे. बाईंचा चेहरा पडला.

संध्याकाळी मुक्कामाच्या लॉजमध्ये पोचल्यावर त्यांनी मास्तरांना समोर बसवलं.

"उद्या पाय वर घेऊन बसायचं," त्या म्हणाल्या. "मला एकदा कळू दे, मला गाडी येते की नाही. येत नसेल तर तसं सांगा, मी मागे पंख्याशेजारी बसते."

मास्तरांना ते फार लागलं. त्यांनी शपथ घेतली. ते शपथेवर ठाम होते, पण पाय त्यांच्या ऐकण्यातला नव्हता. सकाळी निघताना ते सीटवर चक्क मांडी घालून बसले. तिसऱ्या किलोमीटरला एक सायकलवाला दिसला आणि मांडी आपोआप सुटली. गचका बसला, भांडी पुढे आली. बाईंनी ओठ घट्ट मिटले. मास्तरांना त्यांचा ओरडा चालला असता, ही शांतता सोसवेना.

पुढे एक गॅरेज लागलं. वायपर अडकतोय, दाखवून घेऊ, असं मास्तर म्हणाले. वायपर अजिबात अडकत नव्हता, पण बाई तोंड धुवायला निघून गेल्या होत्या. परत आल्या तर म्हातारा मेकॅनिक शेजारच्या सीटखालून उताणा बाहेर येत होता. नट पडला होता, असं मास्तरांनी घाईनं सांगितलं. मेकॅनिकनं मान डोलावली आणि कारण नसताना हसला.

गाडी सुरू झाली. मास्तरांनी मागून एक चादर ओढून मांडीवर पसरली, पायांपर्यंत. गुडघे गार पडतात म्हणाले. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

आणि मग नवल झालं. एकही गचका बसेना. म्हैस आली, गेली. पिशवी उडाली, गेली. एक आख्खी शाळा रांगेनं रस्ता ओलांडून गेली, बाईंनी गाडी अलगद थांबवली, अलगद काढली. मास्तर ताई ताई करत होते, कपाळावरचा घाम पुसत होते, चादरीखाली काहीतरी चुळबुळ चालली होती, पण गाडी लोण्यासारखी चालली होती. शपथ पाळतायत बिचारे, असं बाईंना वाटलं आणि त्यांचा राग विरघळला. घाट लागला. एकामागून एक वळणं बाईंनी गुणगुणत काढली. इतकं सुख त्यांना कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

शेवटच्या उतारावर, वळणाच्या अगदी पलीकडे, रस्त्याच्या मधोमध एक गाढव उभं होतं.

गाडी थांबली. गाढवाच्या नाकात आणि बॉनेटमध्ये वीतभर अंतर उरलं. गाढवानं बॉनेट हुंगलं आणि आपल्या सवडीनं बाजूला झालं.  बाईंनी शेजारी बघितलं. चादर घसरून पडली होती, आणि मास्तरांचा पाय शेजारच्या ब्रेकवर होता, पार तळापर्यंत दाबलेला.

बाईंचा सगळा आनंद ओसरला. म्हणजे थांबवली ती यांनीच.

"तुम्ही दाबलात," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, बाईंकडे बघितलं, तोंड मिटलं आणि सवय आहे गं, एवढंच पुटपुटले.

तासभर गाडी चालत राहिली. घर वीसेक किलोमीटरवर आलं तेव्हा बाईंनी गाडी कडेला घेतली आणि म्हणाल्या की गल्लीत तुम्हीच न्या, मला काही हौस राहिलेली नाही. मास्तर म्हणाले की बसून बसून माझे पाय आखडलेत, मला जमायचं नाही. बाईंनी पुष्कळ आग्रह केला. मास्तर पाय आखडल्याचा अभिनय इतका वाईट करत होते की एरवी बाई हसल्या असत्या. शेवटी त्यांनीच निमूटपणे गाडी पुढे काढली.

चार वाजता गल्ली आली. बातमी आधीच पोचलेली असणार, कारण ओट्याओट्यावर माणसं उभी होती. चालकाच्या जागेवर बाई दिसल्या आणि सगळ्यांचे पाय वर गेले. शिंपीकाकांनी शिवणयंत्र दुकानात मागे ओढलं. नवा लाकडी पुतळा त्यांनी स्वतः कवेत धरला. वळण पूर्वीपेक्षा अरुंद झालं होतं, कारण आता ते लाल पिंप तिथं होतं. एका बाजूला पिंप, दुसऱ्या बाजूला समोरच्या घराची पायरी.

बाईंनी क्लच पूर्ण दाबला, आरसा बघितला. पिंपाची कड आणि गाडीची कड, मधलं अंतर त्यांना बुबुळांसारखं स्वच्छ दिसलं. गाडी वळली, पिंपाच्या अंगालगत पुढे सरकली आणि घराच्या दारात थांबली. पाय एकेक करून खाली आले.

शिंपीकाका पुतळा घेऊनच धावत आले. टेप गळ्यात होतीच. पिंपापासून चाकाच्या खुणेपर्यंत माप घेतलं, चार बोटं भरलं. मग खिडकीतून आत डोकावले, तो दुसरा ब्रेक त्यांना दिसला, त्यावरचा मास्तरांचा पायही दिसला.

"वा मास्तर," ते म्हणाले, "अगदी वेळेवर दाबलात."

ओट्यावरची माणसं हसली. बाईंनी स्टिअरिंगवरून हात काढून मांडीवर ठेवले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कोणाला दिसू नये म्हणून त्या समोर बघत राहिल्या.

मास्तरांनी समोरचा खण उघडला आणि फडक्यात गुंडाळलेली हातभर लांबीची एक लोखंडी दांडी बाहेर काढली. ती शिंपीकाकांच्या हातात दिली. मग त्यांनी शेजारचा ब्रेक दाबून दाखवला, सोडून दाखवला. तो वाजतगाजत वरखाली झाला आणि बाईंच्या पायाखालचा ब्रेक जागचा हलला नाही.

बाईंनी विचारलं, "कधीपासून?"

"गॅरेजपासून. पाय ऐकेना, मग दांडीच काढायला लावली."

"आणि घाट?"

"घाट तूच काढलास. गाढवही तूच वाचवलंस."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू तिथंच घाबरून गाडी माझ्या हातात दिली असतीस. आणि मी काय कमी घाबरलो होतो? सकाळपासून नुसतं लोखंड दाबतोय. पिंढरी भरून आली."

बाई हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदमच. शिंपीकाका दांडीकडे बघत होते, मग बाईंकडे, मग पुन्हा दांडीकडे.  पुतळा गाडीला टेकवून त्यांनी बाह्या वर केल्या, पिंपाला दोन्ही हात लावले आणि ते तिरपं करत करत भिंतीच्या कडेला नेऊन ठेवलं.

एवढ्यात घराच्या दारातून सासूबाई आल्या. दांडी त्यांनी उलटसुलट करून बघितली. मग गाडीचं मागचं दार उघडलं, गाद्या आणि कपड्यांचा स्टँड ओट्यावर काढून ठेवायला लावला, आणि पदर सावरून आत बसल्या. एक चक्कर मारून आण म्हणाल्या, कोपऱ्यापर्यंत. मास्तर हौसेनं आपल्या जागेवर सावरून बसत होते, तेव्हा त्यांनी मागून लेकाच्या खांद्यावर टिचकी मारली.

"तू उतर. तुझ्या पायांचा काही भरवसा नाही."

मास्तर उतरले. बाईंनी गाडी मागे घेतली, वळवली आणि कोपऱ्याकडे निघाल्या. शेजारची जागा पहिल्यांदाच रिकामी होती. वळणाशी आल्यावर त्यांनी शिकवल्याप्रमाणे आरसा बघितला. मास्तर पिंपाशेजारी उभे होते, आणि गाडी वळायला लागताच त्यांनी उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबला.